पंचवीस लाख कॉलर आणि एक शर्ट

आमच्या कारखान्यात कुणाला नाव नाही. हजेरीच्या वहीत असतं, पण लाइनवर हाक मारायची वेळ आली की माणूस शर्टाचा जो भाग शिवतो तेच त्याचं नाव. "योक आज आली नाही का?" "खिसा चहाला गेलाय." "ए कफ, तुझं बंडल संपलं की बाहीला हात लाव." योक म्हणजे शर्टाच्या खांद्यावरचा तुकडा. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, इथे शर्टाचे अवयव सुटे सुटे हिंडतात आणि पाळी संपली की एकमेकांना शोधून घरी जातात.

मी जिच्याकडे राहतो ती माझी मावशी कॉलर. एकोणीस वर्षं.

लाइन म्हणजे एकामागे एक मांडलेली सव्वीस मशिनं. पहिल्या मशिनवर कापडाचे तुकडे येतात, शेवटच्या मशिनवरून शर्ट निघतो. मधला प्रत्येक जण एवढंसं काम करतो आणि तेच दिवसभर करतो. कचेऱ्यांचे गणवेश शिवायचे, त्यामुळे शर्टाचा नमुनाही वर्षानुवर्षं तोच. मी तिथे वेळ मोजणारा कारकून. गळ्यात स्टॉपवॉच, हातात कागद लावलेली फळी, आणि मी मागे येऊन उभा राहिलो की पुढच्या बाईची पाठ ताठ होते. कारखान्यात माझ्याइतका नावडता माणूस एकच, कॅन्टीनचा आचारी. मावशीची एक कॉलर सत्तावन्न सेकंदांत होते. दोन थर जोडायचे, उलटवायचे, टोकं काढायची, कडेने शिलाई मारायची. मी एकदा हिशेब मांडला, आतापर्यंत तिच्या हातून पंचवीस लाखांच्या आसपास कॉलरी गेल्या असतील. तिला मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर म्हणाली, "आणि शर्ट?"

"शर्ट किती?"

"एकही नाही. तेच म्हणतेय."

याला कारण घडलं होतं. त्याच्या आदल्या रविवारी शेजारची नर्स कापड घेऊन आली होती. वडिलांसाठी शर्ट शिवायचा होता. "तुम्ही शर्टाच्याच कारखान्यात ना? तुम्हाला काय, हातचा मळ." मावशी काही बोलायच्या आत काका बोलले. काका पाणीपुरवठ्याच्या पंपावर असतात आणि दिवसभर बोलायला कुणी मिळत नसल्यामुळे घरी सगळं वसूल करतात. "आमच्याकडे कॉलर ताबडतोब मिळेल," ते म्हणाले, "बाकीचा शर्ट तेवढा बाहेरून आणा."

आम्ही हसलो, नर्स हसली, मावशीसुद्धा हसली. मग तिने ते कापड होतं त्याच घड्यांवर पुन्हा घडी करून परत दिलं. संध्याकाळी भांडी पुसता पुसता तिने मला विचारलं, "काय रे, बाही जोडताना खांद्यापासून सुरुवात करतात की काखेपासून?"

चार वर्षं मी बाहीच्या मागे उभा राहत होतो. मला एवढंच माहीत होतं की ती बावन्न सेकंदांत होते.

"बघ," मावशी म्हणाली. "दोघंही शर्टाच्या घरचेच आणि दोघांनाही शर्ट येत नाही."

सॅम्पल रूमचं तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं. ही खोली कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे, तिला दोन खिडक्या आहेत आणि तिथे चार शिंपी बसतात. गिऱ्हाइकाला दाखवायचा पहिला शर्ट तिथे शिवला जातो, एकाच माणसाच्या हातून, पहिल्या टाक्यापासून शेवटच्या बटणापर्यंत. तिथला एक शिंपी वर्षभराने सोडणार होता. जागा कारखान्यातल्याच माणसाला मिळणार होती, मात्र परीक्षा होती. तीन तासांत एकट्याने एक पूर्ण शर्ट. मावशी सेहेचाळीस वर्षांची होती. ही जागा गेली की पुढची कधी निघेल, कुणाला ठाऊक. आधीचे शिंपी तिथे केस पिकेपर्यंत बसलेले होते.

"ती खुर्ची मला पाहिजे," ती म्हणाली. एखादी गोष्ट पाहिजे असं मावशीने म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. काकांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण त्यांना त्यावर विनोद सुचला नाही.

त्या दिवसांत मी स्वतः आयुष्य सुधारण्याच्या मोठ्या तयारीत होतो. जाडजूड डायरी आणली होती. तिच्यात चौदा सवयींचे रकाने आखले होते. पहाटे उठणे, थंड पाण्याने अंघोळ, दहा पानं वाचन, असं बरंच काही. मी मावशीला डायरी दाखवली आणि म्हटलं, तुलाही असे रकाने आखून देतो. तिने चष्मा लावून सगळी यादी वाचली. "चौदा? माणूस आहेस की वेळापत्रक?" डायरी तिने परत दिली. तिसऱ्या आठवड्यात माझे रकाने चारवर आले, त्यातला एक जेवणाचा होता.

मावशीने एकच गोष्ट धरली. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. डबा दहा मिनिटांत संपवायचा आणि उरलेली वीस मिनिटं दुसऱ्या कुणाच्या तरी मशिनवर बसायचं. एका महिन्यात एकच भाग. कापड कुठलं, तर कापणीत वाया गेलेल्या तुकड्यांचं. आणि शिकवायला कोण, तर त्या मशिनची मालकीण.

पहिला महिना कफचा. ही कफ तेवीस वर्षांची पोर, जीभ कात्रीसारखी. ती नवीन असताना मावशीने तिला सगळ्यांदेखत झापलं होतं, कारण तिचं बंडल खाली पडून कॉलरींना तेल लागलं होतं. आता मावशी डबा बंद करून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कफ, मला कफ शिकव."

कफने घास तसाच गालात ठेवला. "कुणाला? तुम्हाला? ताई, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. ऊठ, बसू दे."

पहिल्या दिवशीचा कफ मी पाहिला. त्याला कफ म्हणणं म्हणजे कफचा अपमान. एक टोक गोल, दुसरं चौकोनी, आणि मधे कापडाला आलेल्या चुण्या. लाइनवरच्या बायका गोळा झाल्या. एकोणीस वर्षं जिच्या कामात कुणी बोट दाखवलं नव्हतं, तिच्या हातून काहीतरी वाकडं झालेलं बघायला मिळणं ही जेवणाच्या सुट्टीतली पर्वणीच होती. योक म्हणाली, "बाळाच्या टोपीला लावा." हशा पिकला.

मावशीने कफ वर धरला आणि शांतपणे विचारलं, "यात सगळ्यात वाईट काय आहे?"

"सगळंच," कफ म्हणाली.

"सगळं नको. एक सांग."

कफने तो उलटासुलटा केला. आता तिच्या बोलण्यातली चेष्टा कमी झाली होती. "तुम्ही कापड ओढताय. कॉलरला आत बक्रमचं कडक कापड असतं, ती ओढली तरी सरळ राहते. इथं सोडायचं. मशीन आपणहून घेतं."

"बरं. उद्या तेवढंच."

ही तिची रीत झाली. कसं झालंय असं ती कुणाला विचारायची नाही. कसं झालंय म्हटलं की माणसं तोंडदेखलं "छान" म्हणतात आणि सुटतात. वाईट काय ते विचारलं की त्यांना शोधावं लागतं. आणि दुसऱ्याच्या कामातलं वाईट शोधायला कुणाला आवडत नाही? मावशीला त्यातून रोज एक खरी गोष्ट मिळायची. दुसऱ्या दिवशी ती तेवढी एकच दुरुस्त करायची, बाकीचं वाकडं तसंच राहू द्यायची. मला ते बघवायचं नाही. मी एकदा म्हटलंही, "मावशी, त्या चुण्या तरी काढ." ती म्हणाली, "चुण्यांचा वार गुरुवार. आज सोमवार आहे."

कफनंतर खिसा, मग योक, मग पुढची पट्टी, मग बाही. बाही खांद्यापासूनही सुरू करत नाहीत आणि काखेपासूनही नाही. पुढच्या काठापासून सुरू करून सगळा घेर एका दमात फिरवतात. हे तिने मला घरी येऊन असं सांगितलं, जणू मोठं गुपित फुटलं होतं. तिच्या शिकण्यात एक गोष्ट मला लागायची. दुपारी बारापर्यंत ती लाइनवरची सगळ्यात जाणती बाई असायची. साडेबाराला ती कुणाच्या तरी पुढ्यात सगळ्यात कच्ची व्हायची आणि एक वाजता परत आपल्या जागी येऊन जाणती. रोज इतकं खाली उतरायचं आणि परत वर यायचं, हे मला जमलं नसतं. मला साधं स्टॉपवॉच चुकीचं लावल्याचं कुणी सांगितलं तरी दोन दिवस राग यायचा.

वर्ष संपत आलं तेव्हा तिला सगळा शर्ट यायला लागला होता. काकांच्या अंगावर तिने शिवलेला पहिला शर्ट चढला. एक बाही किंचित पुढे झुकलेली. काका तो घालून पंपावर गेले आणि आले ते म्हणाले, "वाटेत सगळ्यांनी विचारलं, कुठून घेतला. मी म्हटलं, कॉलर घरची आहे, बाकीचाही घरचाच आहे."

परीक्षेला चौघं होते, आमचा खिसा त्यातच. सॅम्पल रूमच्या प्रमुख म्हणजे मास्टरबाई. सडपातळ, गळ्यात मोजपट्टी, आणि कुठलीही गोष्ट हातभर लांब धरून बघायची सवय. त्यांनी प्रत्येकाला फिकट निळं कापड दिलं आणि मापाचा कागद दिला. वेळ लावायला मी होतो. नात्याचा मामला म्हणून शेजारी आमचे सुपरवायझरही बसवले होते, ते दर दहा मिनिटांनी माझ्याच स्टॉपवॉचकडे संशयाने बघत.

नऊला सुरुवात झाली. मावशी प्रत्येक तुकड्याआधी कागद वाचत होती, ओठ हलवत. खिसा, वाचणं. पट्टी, वाचणं. योक, पुन्हा वाचणं. तिच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या. दहाच्या सुमाराला कॉलरीची पाळी आली आणि त्या सकाळी पहिल्यांदा ती खुर्चीला टेकली. हात चालू झाले. मीसुद्धा सुटकेचा श्वास टाकला. कॉलर झाली, जोडली गेली, ती बाहीकडे वळली. त्या एका तुकड्याला तिने कागद पाहिला नव्हता, हे तिच्या लक्षात आलं नाही आणि माझ्याही नाही.

अकरा वाजून वीस मिनिटांनी एक कफ लावून झाल्यावर तिने शर्ट इस्त्रीवर घेतला. कॉलर दाबताना तिचा हात थांबला. तिने कागद ओढला. कागदावर लिहिलं होतं, कडेपासून शिलाई एक सूत. आमच्या लाइनवरची कॉलर दोन सुतांची असते, म्हणजे पाव इंचाची. शिंप्यांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, फरक तेवढाच. पण हातभर लांब धरून बघणाऱ्या बाईला तो खोलीच्या दारातून दिसला असता.

वर्षभर ती ज्याची भीती बाळगत आली होती ते सगळं बरोबर आलं होतं. झोपेतही जे चुकलं नसतं ते चुकलं होतं.

चाळीस मिनिटं उरली होती. तशीच देऊन उरलेला शर्ट पुरा करता आला असता. तिने कात्रीचं टोक घेतलं आणि कडेची शिलाई उसवायला लागली. उसवलेल्या जागी सुईची भोकं राहतात. ती नखाने घासून, वाफ देऊन बुजवायची असतात आणि तरीही थोडी दिसतातच. बाराचा ठोका पडला तेव्हा कॉलर एका सुताची झाली होती, दुसरा कफ लोंबत होता आणि शर्टाला एकही बटण नव्हतं.

मास्टरबाईंनी शर्ट हातभर लांब धरला. "बाकीचा शर्ट नवशिक्याचा आहे, पण स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "कॉलर मात्र सराईताची आहे. आणि तीच चुकली."

"हो बाई," मावशी म्हणाली.

"नापास."

"हो बाई."

चौघंही नापास झाले होते. खिशाने तर दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या. मास्टरबाई म्हणाल्या की जागा त्या दोन महिने रिकामी ठेवू शकतात, तोवर पुन्हा एकदा परीक्षा घेतील, मग बाहेरून माणूस आणतील.

घरी परत येताना मी तिची समजूत घालायला गेलो. "एका सुताचं काय एवढं," वगैरे. ती मधेच म्हणाली, "कॉलर मी शिवलीच नाही रे. हातांनी शिवली. मी तेव्हा बाहीचा विचार करत होते."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने स्वतःची कॉलर नेऊन कफपुढे ठेवली. "यात सगळ्यात वाईट काय आहे?"

कफने ती बघितली, उलटवली, खिडकीपाशी नेली. "ताई, यात मी काय काढू? कॉलर तर तुमची."

"तेच वाईट आहे," मावशी म्हणाली. "गेल्या पंधरा वर्षांत या कॉलरीबद्दल मला कुणी काही बोललेलं नाही. मी तरी कुणाला विचारलं?"

मग दोघींनी मिळून उपाय काढला. कफने रोज सकाळी कागदाच्या कपट्यावर काहीतरी लिहून द्यायचं. आज कडेची शिलाई एक सूत, उद्या तीन, परवा नुसती काठावर. मावशीने दुपारच्या वीस मिनिटांत तशी कॉलर करायची, आणि करताना प्रत्येक पायरी तोंडाने बोलायची. हा शेवटचा नियम कफचा, आणि तो तिने सूड म्हणून घातला असणार असा माझा संशय आहे. कारण तिथे बसून एक जाणती बाई, "आता उलटवते, आता टोक काढते," असं पाढे म्हटल्यासारखं म्हणायची आणि सगळी लाइन जेवताना ऐकायची.

हे सोपं गेलं नाही. शिकलेला हात मोडायला घेतला की तो आधी सगळीकडूनच लंगडतो. दोन आठवड्यांत लाइनवरची तिची नेहमीची कॉलरही बिघडली. मी मोजली, त्र्याहत्तर सेकंद. सुपरवायझरांनी माझी फळी बघितली आणि तिच्या डोक्यावर येऊन उभे राहिले. "काय कॉलर, म्हातारपण आलं का? मागे बाही रिकामी बसलीय!"

"येईल साहेब वेग."

"कधी? तुमची परीक्षा झाली ना? नापास ना? मग आता हे कशाला?"

मावशीने मशीन थांबवलं नाही. "नापास झाले म्हणूनच," ती म्हणाली. सुपरवायझरांनी आठवड्याची मुदत दिली, नाहीतर पॅकिंगला पाठवतो म्हणाले. पॅकिंगला गेलेला माणूस परीक्षेला बसू शकत नाही. त्या आठवड्यात मी तिच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभा राहायचो आणि पहिल्यांदाच मला त्या यंत्राची लाज वाटली. सोमवारी एकोणसत्तर. बुधवारी चौसष्ट. शनिवारी साठ. सत्तावन्न पुन्हा कधी झाले नाहीत, पण साठवर सुपरवायझर गप्प बसले.

दुसऱ्या परीक्षेला दोघंच उरले, मावशी आणि खिसा. पुन्हा तेच निळं कापड, पुन्हा नऊ वाजता सुरुवात. कॉलरीची पाळी आली तेव्हा मावशीने कागद उचलला, वाचला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. मी लांबून बघत होतो. नंतर कळलं, कागदावर लिहिलं होतं दोन सूत. एकोणीस वर्षांची नेहमीची कॉलर. दोन महिने जे मोडलं, तेच मागितलं होतं. ती पुटपुटत शिवायला लागली, एक एक पायरी, पहिल्यांदाच शिवत असल्यासारखी. कॉलरीला तिला नऊ मिनिटं लागली. बाराला दहा कमी असताना शेवटचं बटण बसलं. एक बाही अजूनही किंचित पुढे झुकलेली होती.

मास्टरबाईंनी तो शर्ट उभ्या पुतळ्याला घातला, भोवती फिरल्या, उलटा करून आतल्या शिवणी पाहिल्या. बाही चिमटीत धरली. "ही झुकतेय."

"हो बाई. शिकल्यापासून झुकतेय. मागे घेर देताना माझा हात घाई करतो. पकडलंय, सुटायचंय अजून."

"आणि कॉलरीला नऊ मिनिटं?"

"एवढी लागली, बाई."

मास्टरबाईंनी पुतळ्याच्या कॉलरीवरून बोट फिरवलं. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "सोमवारपासून वर या. खिडकीजवळची खुर्ची ऊन लागतं म्हणून कुणी घेत नाही, ती मिळेल."

मावशी जिना उतरली तेव्हा एक वाजला होता. पाळी संपायला चार तास होते आणि तिच्या जागेवर बंडलं साचली होती. तिच्या जागी येणारी बाई सुपरवायझरांनी आधीच आणून उभी केली होती, इतर वेळी काज करणारी, तिशीतली, घाबरलेली. मावशीने तिला स्टुलावर बसवलं आणि स्वतः मागे उभी राहिली. पहिली कॉलर फिरली ती पार तिरकी. मावशीने सांगायला तोंड उघडलं, मग मिटलं. तिच्या खांद्यावरून हात पुढे करून तिने ढिगातली दुसरी कॉलर उचलून दिली.

"ही घे," ती म्हणाली. "सावकाश."